मालकीणबाई गप्प बसल्या

हाताखालची माणसं कशी तयार करावीत, हे मला विचारा! ग्रीसमधल्या कावालाच्या बंदरावर माझी बेकरी आहे. "बाई, साखर किती? बाई, खिडकी उघडू का?" ऐकून ऐकून माझे कान किटले होते. शेवटी नववर्षाच्या तोंडावर मी फर्मान काढलं, "आजपासून कुणाला काही विचारायचं नाही! आपलं आपण ठरवायचं!"

स्टेर्गिओस आणि ख्रिसान्थी, माझे दोन शिलेदार, एकमेकांकडे बघत राहिले.

पहिलीच परीक्षा अवघड होती. व्यापारी मंडळाचा नववर्षाचा केक! त्यात एकच नाणं लपवायचं. ज्याच्या तुकड्यात निघेल, त्याचं वर्ष भाग्याचं. काही चुकलं की मंडळाचं गिऱ्हाईक समोरच्या बेकरीत गेलंच म्हणून समजा. तरी मी भट्टीकडे फिरकले नाही. म्हणजे, एकदाच डोकावले.

अध्यक्ष आनेस्तिस यांनी केक कापला. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा मंडळाचा, मग सभासदांचे, शेवटचा माझा.

"मिळालं!" चपलांचा दुकानदार लेफ्टेरिस ओरडला.

"अय्या, मलाही!" मासळीवाली मारिगो किंचाळली.

"तू घरून आणलंस!"

"तोंड सांभाळ, मेल्या!"

मागे कुजबुज सुरू झाली.

"मी तर पिठातच घातलं होतं," स्टेर्गिओस म्हणाला.

"आणि मी भाजल्यावर खालून खुपसलं! विचारायचं नव्हतं ना!" ख्रिसान्थी म्हणाली.

आनेस्तिस माझ्याकडे वळले. "बाई, हा काय घोळ?"

मी नेमका तेव्हाच घास चावला. कडाक्! डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी ओठ गच्च मिटून घेतले. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत आणि मी गप्प!

ख्रिसान्थी पुढे सरसावली. "यंदा मुद्दामच दोन घातली, काका! एक समुद्राच्या भाग्याचं, एक बाजाराच्या. बघा, बरोब्बर निघाली की नाही!"

"आणि पुढच्या वर्षीचा केक या दोघांनीच कापायचा!" स्टेर्गिओसनं ठोकून दिलं.

मारिगोनं लेफ्टेरिसला चक्क मिठी मारली! टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या वर्षीचं काम तिथल्या तिथे पक्कं! माझा ऊर भरून आला.

"शाब्बास, बाई!" आनेस्तिस गहिवरले. "माणसांवर केवढा हा भरवसा! मध्ये अवाक्षर काढलं नाहीत!"

काढणार कसं? गालात माझा अर्धा दात होता. आणि त्याच्या शेजारी, ही दोघं विसरलीच तर असावं म्हणून, डोकावले तेव्हा मी गुपचूप टाकलेलं नाणं.