अक्काची टोपली

आमच्या अक्काच्या खानावळीत ताटाआधी प्रश्न वाढतात. "पोट काय म्हणतंय?"

उत्तर दिल्याशिवाय भाकरी मिळत नाही. एका गिऱ्हाइकानं "एक वाजला की, अक्का" म्हटलं, तर म्हणाली, "मग घड्याळाला वाढू?" रोजचा रिक्षावाला म्हणाला, पोट तांबडा रस्सा म्हणतंय. "ते तोंड बोलतंय. पोटाला बोलू दे जरा." तो बिचारा पोटावर हात ठेवून खरंच ऐकत बसला. पावण्याला आग्रह करकरून आडवं करायचं, ही कोल्हापूरची रीत. अक्का आग्रह करत नाही आणि ताटात उरलं तर बघतही नाही. म्हणून इथं कळंब्यात कुणी तिला कंजूष म्हणतं, कुणी येडी. दोन्ही तोंडावर म्हणतात. मागून बोलायची इथं पद्धत नाही.

मी किनवटकडची. सातवीत शाळा सुटली, मशीन शिकले, इथल्या कपड्यांच्या कारखान्यात लागले आणि अक्काच्या मागच्या खोलीत राहायला आले. तिचा प्रश्न ऐकला की मला घाम फुटायचा. आमच्या घरी पोटाला कुणी विचारत नव्हतं. असलं तर खायचं, नसलं तर झोपायचं. म्हणून समोर येईल ते मी संपवायची आणि वर दोन भाकऱ्या ओढणीत लपवून खोलीत न्यायची, कपड्यांच्या पेटीत ठेवायची. उद्याचं काय सांगावं?

मुंग्यांनी चुगली केली. अक्कानं पेटी उघडली तर सात वाळक्या भाकऱ्या. आता खोली गेली असं धरून मी पिशवी भरायला घेतली. अक्का खालीच बसली. "उद्याबी हाय, परवाबी हाय. भाकरीला पेटीत कशाला कोंडतीस, बाई?" म्हणाली, आणि संध्याकाळी भाकरीची भरलेली टोपलीच माझ्या उशाशी आणून ठेवली. मग रोजच. पहिल्या दिवशी मी पोट दुखेपर्यंत खाल्लं. दहा-बारा दिवसांनी टोपलीकडं बघायचंच विसरले. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मला पोटाचं ऐकू आलं. बास म्हणत होतं. हे उपकार कुठं फेडायचे?

टोपलीच्या कडेला दोरीचे वळ होते. ते कशाचे, हे अक्कानंच एकदा सांगितलं, पीठ मळता मळता, माझ्याकडं न बघता. तिची लेक रूपाली लग्नाची झाली तेव्हा अंगानं भरलेली. बघायला आलेल्यांनी दोनदा नाक मुरडलं. मग अक्कानं भाकरीची टोपली दोरीनं तुळईला टांगली, पोरीचा हात पोचू नये अशी. आणि भावकीच्या पंगतीत मोठ्यानं मोजायची, "ही तिसरी गं." लग्न जमलं, पोरगी सासरी नेसरीला गेली. तेव्हापासून आईच्या घरी ती जेवलेली नाही. माझ्या उशाशी आली ती हीच टोपली.

रूपाली वर्षातून दोनदा येते आणि उंबऱ्यातच सांगते, "मी खाऊन आलोय."

परवा आली. अक्कानं पहाटे उठून वरण्याच्या दाण्यांची आमटी केलेली, लोणी काढलेलं. टोपली जमिनीवर, लेकीच्या हाताशी. अक्कानं आपला प्रश्न काही विचारला नाही. उलट गॅसकडं तोंड करून पाठमोरी उभी राहिली, आपण बघतोय असं वाटू नये म्हणून. भाकरी गार झाली.

"मी खाऊन आलोय, आई."

"बरं."

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. एसटी लागायची होती. तिनं वडापाव घेतला आणि भिंतीकडं तोंड करून खाल्ला, कुणी हिसकावून नेईल अशा घाईनं. मग आणखी घेतला. मला माझी पेटी आठवली.

परतले तर अक्का दारातच, हाताला पीठ.

"खाल्लं का काय तिनं?"

"व्हय अक्का. वडापाव."

किती, ते सांगायला मी तोंड उघडलं, तसा तिनं पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला.

"मोजू नगंस."