घरातलाच माणूस

"टेगन, पोरीकडून तुझा फोन नंबर तू स्वतः पाठ करून घे. नेविलच्या भरवशावर राहू नकोस," असं ग्लेनिस आत्या मला बजावून म्हणाली होती. नेविल म्हणजे माझे बाबा, तिचे धाकटे भाऊ. "मला गाडी शिकवतो म्हणाला आणि तीन आठवडे नुसता हॉर्न शिकवला त्याने!"

मी हसण्यावारी नेलं. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते मुलीच्या तोंडात जाऊ न देणारी आई मी. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावलेला, औषधांच्या कपाटाला दोन कुलपं. माझ्या मुलीला काय होणार? शिवाय नोकरीमुळे चार वर्षांची पर्ल दिवसभर बाबांकडेच असायची. नंबर त्यांनी शिकवला तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते बाबांच्या व्हिडिओ कॅसेटींमुळे. त्या एकशे बारा आहेत. त्यांच्या तरुणपणी आमच्या कुलंबा गावात टीव्हीवर दोनच वाहिन्या दिसायच्या, आणि शेजाऱ्याने गवत कापायचं यंत्र चालू केलं की त्यातल्या एकीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या. सगळं जग कार्यक्रम टेप करायचं आणि जाहिरात लागली की बटण दाबून थांबायचं. बाबांच्या यंत्राचं बटण उलटं अडकलेलं होतं, म्हणजे जाहिरातीच तेवढ्या टेप व्हायच्या. त्यामुळे त्यांच्याकडे क्रिकेटचा एक चेंडू नाही. पण डासांचा फवारा, मटणाचा पाय, लोणी लावलेला पाव आणि गालिचेवाला क्लॅरी हॉकम हे सगळं अगदी जपून ठेवलेलं आहे.

हा क्लॅरी लाल कोट घालून गुंडाळलेल्या गालिच्यावर घोड्यासारखा बसायचा आणि ओरडायचा, "मी क्लॅरी हॉकम, तुमच्या घरातलाच माणूस!" मग गाणं:

"पायाखाली हवं काय? हॉकमचा गालिचा, दुसरं नाय!
चार-तीन, सहा-सहा, दोन-नऊ, हाक मारा, धावत येऊ!"

दुकान बंद होऊन पस्तीस वर्षं झाली. पण पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही कुलंबाकराला मध्येच अडवून "चार-तीन?" म्हणा, तो "सहा-सहा!" म्हणणारच.

"नंबर पाठ होतो तो चालीवर," बाबांनी मला सांगितलं. "तुझा मोबाईल दहा आकड्यांचा. तो चालीत बसत नाही. म्हणून आधी सहा आकड्यांचा सराव देतोय."

सराव उत्तम झाला. माझ्या नंबरापर्यंत गाडी पोचलीच नाही.

नोव्हेंबरात गावचं कृषी प्रदर्शन भरलं. निघताना मी पर्लच्या दंडावर पेनाने माझा नंबर लिहिला. मग उन्हाचं क्रीम लावलं. दोन तासांनी पुन्हा लावलं, चोळून चोळून. नंबर कुठे गेला असेल ते वेगळं सांगायला नको.

केकच्या स्पर्धेपाशी मी साखरेच्या कापसाच्या पाकिटावर त्यात कुठला रंग घातलाय ते वाचत होते. वाचून झालं आणि मागे वळले.

"बाबा, पर्ल तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? तू हात धरला होतास ना?"

आम्ही मेंढ्यांच्या गोठ्यात पाहिलं, पाळण्यांपाशी पाहिलं, लाकूड तोडण्याच्या शर्यतीतल्या कुऱ्हाडींपाशी तर मी डोळे अर्धवट मिटूनच पाहिलं. तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. "हरवलेल्या मुलांच्या तंबूत एक मुलगी आली आहे. वडिलांचं नाव क्लॅरी हॉकम. श्री. हॉकम यांनी ताबडतोब यावं."

"दुसऱ्याच कुणाची तरी," मी म्हणाले. घाबरलेल्या आम्हा दोघांच्या कानांत 'वडील' एवढंच शिरलं, नाव नाही. खोटं कशाला बोलू, मनात असंही आलं की कसली बेफिकीर आई असेल!

मग त्याच खरखरीतून गाणं सुरू झालं. पायाखाली हवं काय. घरी दिवसातून चाळीस वेळा ऐकून माझे कान ते गाणं गाळूनच टाकतात. मी पुढे पळत सुटले. बाबा मात्र जागच्या जागी थांबले.

"टेगन, ऐक! आपली जाहिरात लागली! जुनं काहीतरी लावलंय बघ!" त्यांनी चक्क टोपी काढली आणि गायला लागले. शेजारचा जॅमवाला गायला लागला. मेंढी धरलेले दोघं गायला लागले.

"बाबा, तुमची नात हरवलीय!"

"एवढं कडवं..."

"धावत येऊ" झाल्यावर गाणाराच बारीक आवाज ध्वनिक्षेपकातून म्हणाला, "आणि मला शू लागलीय."

त्या मैदानात मी जितक्या वेगाने धावले तितक्या वेगाने त्या दिवशी एकही घोडा धावला नसेल.

तंबूत पर्ल बर्फाची कांडी चोखत बसली होती. टेबलामागे ब्रॉन्विन नावाच्या शिस्तीच्या बाई होत्या. गेल्याच वर्षी पर्थहून आलेल्या. आमची वाहिनी तिकडे कुठली दिसायला! त्यांनी पर्लला विचारलं होतं, घरी कोण असतं गं? पर्ल म्हणाली, "क्लॅरी हॉकम, घरातलाच माणूस." त्यांनी 'वडील' या रकान्यात ते नाव लिहिलं. फोन नंबर विचारला तर तिने गाऊन दाखवला. हल्ली आधी दोन आकडे जास्त लावावे लागतात, ते कुणीतरी सांगितलं. त्यांनी फोन लावला.

"आणि श्री. हॉकमनी तो उचलला," ब्रॉन्विनबाई म्हणाल्या. "निघालेत ते. तुम्ही कोण?"

"मी आई आहे तिची!"

"ओळखपत्र?"

पर्स गाडीत होती. "तिलाच विचारा ना!"

"बाळ, ही कोण?"

पर्लने माझ्याकडे पाहिलं, मग कांडीकडे पाहिलं. मी दिसले की कांडी जाणार हे तिला पक्कं ठाऊक. "ही 'नको' म्हणणारी बाई," ती म्हणाली.

"बघा बाई, मला नियमाने चालावं लागतं."

इतक्यात टॅक्सीतून एक अठ्ठ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ उतरले. पायात घरातल्या सपाता, कोटाची बटणं खालीवर लागलेली. "कोण हरवलंय? पोर रडत नाही ना?" बाबांनी हातातली टोपी छातीशी धरली. ब्रॉन्विनबाईंनी पेन्शनचं कार्ड पाहिलं. नाव जुळलं, फोन नंबर तर आधीच जुळलेला.

"सही करा आणि मुलगी घेऊन जा."

"अहो, पण मी हिला जन्मात पाहिलेलं नाही," क्लॅरी म्हणाले.

"काका, सही करा," मी हात जोडले. "करा आणि मला द्या. तिला शू लागलीय!"

त्यांनी सही केली. 'मुलीशी नातं' या रकान्यापाशी थोडं थांबले, आणि लिहिलं: घरातलाच माणूस. सरकारी हिशेबाने माझी मुलगी चार मिनिटं त्यांच्या ताब्यात होती. ती चारही मिनिटं पर्ल शौचालयाच्या रांगेत त्यांचं बोट धरून गात होती, आणि ते चुकलेली ओळ दुरुस्त करत होते.

आम्ही त्यांना घरी सोडायला गेलो. त्यांच्या बंद दुकानामागच्या दोन खोल्या. वाटेत बाबा त्यांच्याच शेजारी बसले. त्यांनी लाल कोटाबद्दल एकवीस प्रश्न विचारले.

"तुम्ही अनोळखी पोरीसाठी लगेच निघालात कसे?" मी विचारलं.

"ईस्टरनंतर सात महिन्यांनी पहिल्यांदा फोन वाजला, पोरी. कुणाचा का असेना."

चहासाठी दूध काढायला मी फ्रीज उघडला. आत अर्धं लिंबू होतं आणि मोहरीची बाटली. दूध नव्हतंच. "मी आत्ताच जेवलो," क्लॅरी पाठीमागून घाईघाईने म्हणाले. मी द्राक्षांचे चार तुकडे करणारी बाई आहे. मला तेवढ्यावरून कळतं.

तेव्हापासून दर बुधवारी आम्ही जेवण घेऊन जातो. बाबा एक कॅसेटही नेतात. दोघं मिळून जाहिराती पाहतात आणि मध्ये चुकून कार्यक्रमाचा तुकडा आला की वैतागतात.

या बुधवारी मात्र पर्ल तापाने फणफणलीय, आणि बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. म्हणून तुम्ही कुलंबात असाल तर स्टेशनासमोरच्या बोळात जरा डोकावा. हिरवं दार आहे, जोरात वाजवा. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. ते आधी तुमच्या दिवाणखान्याचं माप विचारतील, सांगा. मग जेवलात का विचारा. "आत्ताच जेवलो" म्हणाले, तर कृपा करून फ्रीज उघडून बघा.