बाबांची पोच

सायकलवरून कुरिअर पोचवणाऱ्या फर्गस डूलनने वडिलांची राख समुद्रात सोडायला रजा घेतली होती, आणि त्याची बहीण नोरीन सकाळपासून फोनवर एकच गोष्ट बजावत होती.

"टॅक्सी कर. ऐकतोयस ना? टॅक्सी!"

"अगं, मेलबर्नमध्ये टॅक्सीच्या आधी मी सायकलने पोचतो. धंदाच आहे माझा."

"माहितीये तुझा धंदा," नोरीन म्हणाली.

ते फर्गसला बरोबर लागलं. बाबांची घरघर सुरू झाली तेव्हा नोरीनने त्याला दवाखान्यातून फोन केला होता, आणि "एवढं एक पाकीट टाकून येतोच" असं सांगून तो कॉलिन्स स्ट्रीटवरच्या वकिलांच्या ऑफिसात गेला होता. पाकीट वेळेत पोचलं. फर्गस पोचला तेव्हा नर्स चादर सारखी करत होती. तेव्हापासून नोरीन त्याच्याशी कामापुरतं बोलायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

"दुपारी वारा सुटायच्या आत सेंट किल्डाच्या धक्क्यावर ये," ती शेवटी म्हणाली. "वारा सुटला की होडीवाला जायचा नाही. येताना लॅमिंग्टन आण, बाबांच्या आवडीचे. आणि फर्गस, आज तरी उशीर करू नकोस."

"नाही करणार. शप्पथ."

रजेच्या दिवशी ऑफिसवाले छळतात म्हणून त्याने फोनचा आवाज बंद केला आणि निघाला. आधी बेकरीत जाऊन चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकचा डबा घेतला आणि हँडलला लटकवला. मग अंत्यविधीवाल्यांकडे गेला. काळ्या कोटातल्या गृहस्थाने मान झुकवून, दोन्ही हातांनी राखेचा एक तपकिरी खोका पुढे केला. वर बाबांचं नाव, बार्नबी डूलन, आणि नोरीनचा फोन नंबर होता. फर्गसने तो झटक्यात बॅगेत टाकला आणि आपला फोन त्यांच्यापुढे धरला.

"इथे सही."

"सही तुम्ही करायची आहे," गृहस्थ म्हणाले. "वडील तुमचे आहेत."

फर्गस ओशाळला आणि वेडीवाकडी सही करून बाहेर पडला.

बाबा जिवंतपणी अंगाने चांगले आडवे होते. ट्राम चालवायचे, तर केबिन भरून जायची. खोक्यात मात्र ते मावले होते आणि फर्गसच्या पाठीवर नेमके बसले होते. त्याला बाबांशी दोन शब्द बोलावंसं वाटलं, पण नेमका सिग्नल सुटला. पाठीवर वजन आलं की फर्गसच्या पायांना रजाबिजा काही कळत नाही. त्यात शेजारून पाइक, त्याच्याच कंपनीतला पोरगेलासा कुरिअर, सुसाट गेला.

"काय म्हातारबा, झोप लागली का?"

"थांब, दाखवतो तुला म्हातारबा!"

फर्गसने ट्रामच्या रुळांवरून सायकल काढली, दोन मोटारींच्या फटीतून घातली आणि पाइकला मागे टाकलं. कॉलिन्स स्ट्रीटला, त्याच वकिलांच्या ऑफिसापुढे, पाय आपोआप थांबले. पहारेकऱ्याने मागच्या लिफ्टकडे हात केला. वर काउंटरवर खोका ठेवला, नव्या मुलीची सही घेतली, "दिवस छान जावो" म्हटलं आणि तो खाली आला. बॅग हलकी झाली की त्याला नेहमी बरं वाटायचं. आजही वाटलं. शिट्टी वाजवत तो समुद्राच्या दिशेने बराच लांब गेला, आणि मग बाबांशी बोलायचं राहिलं होतं ते त्याला आठवलं.

"बाबा!" तो भर रस्त्यात ओरडला. मागचा ट्रामवाला घंटा बडवत राहिला.

परत वर गेला तोवर काउंटर मोकळं होतं.

"खोका? तो पाठवला ना मी," मुलगी म्हणाली. "बार्नबी डूलन नावाचं आमच्याकडे कुणीच नाही. मग वर फोन नंबर होता त्यावर विचारलं. एक बाई होत्या. कुठलं ऑफिस, ते आधी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, 'सेंट किल्डाच्या धक्क्यावर पाठवा.' तुमच्याच कंपनीचा पोरगा घेऊन गेला."

म्हणजे नोरीनला कळलं होतं. त्याच ऑफिसातून कळलं होतं. फर्गसला वाटलं, आता लिफ्टही नको, सरळ खिडकीतून जावं.

सेंट किल्डा रोडवर त्याने पाइकला गाठलं.

"थांब! खोका दे इकडे."

"कसा देऊ? धक्क्यावर द्यायचाय. रस्त्यात कुणाच्या हातात द्यायचं नाही, तूच शिकवलंयस मला."

"अरे गाढवा, माझे वडील आहेत त्यात!"

पाइकने आधी फर्गसकडे आणि मग आपल्या बॅगेकडे बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सायकल मात्र त्याने थांबवली नाही.

"मग तर मुळीच देणार नाही," तो म्हणाला. "तू त्यांना आज एकदा टाकून आलायस."

फर्गसने जोरात पायडल मारलं. तेवढ्यात त्याचं मागचं चाक काचेवरून गेलं आणि फुस्स करून बसलं. पाइक वळायला लागला. झाडांची पानं सळसळत होती. वारा सुटत होता.

"थांबू नकोस!" फर्गस ओरडला. "जा तू! पोचव त्यांना!"

उरलेला रस्ता तो सायकल ढकलत धावला. हँडलवर लॅमिंग्टनचा डबा आपटत होता. धक्क्याच्या टोकाला होडीवाला आभाळाकडे बघून तोंड वाकडं करत होता. नोरीन बाकावर बसली होती. आणि पाइक खोका दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता, बाकाचं दुसरं टोक ओलं होतं म्हणून.

फर्गसला धाप लागली होती. नोरीन आता काय काय बोलेल ते त्याने वाटेतच मनाशी ऐकून ठेवलं होतं.

"बाबा केव्हाचे आलेत," ती म्हणाली. "होडीवाला निघू म्हणत होता. मी म्हटलं, थांब. त्या दिवशी त्यांना थांबता आलं नाही."

"यांनी सही नाही केली," पाइक हळूच म्हणाला. "म्हणाल्या, घेणारा येतोय." आणि त्याने फोन पुढे केला.

जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या घेतलेल्या फर्गसने आधी बोट शर्टाला पुसलं. त्याने सही केली आणि खोका घेतला. या वेळी झटक्यात नाही.

"पुन्हा सेवेची संधी द्या," पाइक सवयीने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

नोरीन आधी हसली. मग तिला रडू आलं ते आवरेना. फर्गसने खोका एका हाताने कवटाळला आणि दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला. होडीवाल्याने चिरडलेला डबा उघडून एक लॅमिंग्टन तोंडात टाकला आणि इंजिन सुरू केलं.