शिल्लक राहिलेला बोल्ट

"तासाभराचं काम, बाई! डोळे मिटून करतो!" मिस्त्रींनी केंद्र चालवणाऱ्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं, आणि तिथेच माशी शिंकली.

अंडी उबवण्याच्या त्या केंद्रात बारा वाजता वीज जाणार होती, ती दोन तासांनी येणार होती. यंत्रांत बारा हजार अंडी होती, पिल्लं आज-उद्या बाहेर पडायची होती. पंखे थांबले तर सगळी आतल्या आत उकाड्याने गुदमरली असती. म्हणून डिझेल जनरेटरची सर्व्हिसिंग सकाळीच उरकायची ठरली. भिंतीवर दहा पायऱ्यांची यादी टांगली होती. मिस्त्रींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. यादी नवशिक्यांसाठी!

डिझेलचा कॉक बंद केला, ऑइल बदललं, फिल्टर बदलले. वाकून, उठून, पुन्हा वाकून दहा वाजायच्या आत सगळं झालं. हात पुसायला गेले, तर हत्यारांच्या ट्रेमध्ये एक बोल्ट!

मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला. हा कुठला? सगळं तर बसवलं होतं! त्यांनी फिल्टर पुन्हा खोलले, पुन्हा बसवले. बोल्ट शिल्लकच! तिसऱ्यांदा खोलले.

"झालं का, मिस्त्री?" दारातून बाईंनी विचारलं.

"झालंच! शेवटचा हात फिरवतोय!" मिस्त्रींनी बोल्ट मुठीत लपवला.

बाराला वीज गेली. पंखे थांबले. मिस्त्रींनी स्टार्टर मारला. खर्रर्र... खर्रर्र... गप्प!

"तापमान अर्ध्या डिग्रीने चढलं!" बाई ओरडल्या.

"एक मिनिट, बाई!"

"एक डिग्री!"

बॅटरी कण्हायला लागली. मिस्त्री वाकून इंजिन चाचपू लागले. एवढ्यात फिल्टरशेजारच्या पट्टीत एक रिकामं भोक दिसलं. देवच पावला! त्यांनी बोल्ट त्यात घुसवून करकचून आवळला. आवळताना कोपर कशाला तरी लागलं, म्हणून खाली पाहिलं. डिझेलचा कॉक! सकाळपासून बंद!

मिस्त्रींनी कुणाला दिसणार नाही अशा बेताने तो उघडला, हातपंपाने फिल्टरमधली हवा काढली आणि मनातल्या मनात हात जोडून स्टार्टर मारला. धडधड धडधड! पंखे फिरू लागले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मिस्त्री, एका बोल्टावर बारा हजार जीव वाचवलेत हो तुम्ही!"

"बोल्ट बारीक दिसतो, पण तोच मुख्य असतो," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. कॉकबद्दल चकार शब्द काढला नाही.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. हात काळेकुट्ट, म्हणून बाईंनीच स्पीकर लावून समोर धरला. फोनवर मिस्त्रींची बायको होती.

"अहो, कुकरच्या दांड्याचा जुना बोल्ट तुमच्या शर्टाच्या खिशात टाकलाय. तसाच नवीन आणा. आणि वाकताना सांभाळा, पडेल कुठेतरी!"

बाईंनी बोल्टाकडे पाहिलं. मग कॉकाकडे; त्यावर काळ्या बोटांचे ताजे ठसे होते. मग मिस्त्रींकडे. मिस्त्री जमिनीवरचे ऑइलचे डाग अतिशय बारकाईने तपासत होते.

"वहिनी," बाई फोनमध्ये म्हणाल्या, "तो बोल्ट दोनपर्यंत मिळायचा नाही. त्याच्यावर आमची बारा हजार पिल्लं आहेत म्हणे!"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ती यादी पहिल्यांदाच नीट वाचली. 'कॉक उघडा' ही पायरी आठवी होती. खाली बाईंच्या अक्षरात, लाल शाईने, अकरावी आली होती: 'बोल्ट शिल्लक राहिल्यास आधी मिस्त्रींचा खिसा तपासा.'