हात दाबून पाहण्याची किकवी पद्धत

आजारी माणसाला एकटं पडू न देणं हा सुसंस्कृत समाजाचा पहिला गुण होय. आमच्या किकवीत तो गुण गरजेपेक्षा किंचित जास्त आहे.

झुल्फिकार टेम्पोवाल्याच्या लेकीला, गुलफशाला, २००३ साली आनुवंशिक आजार निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं, की मज्जातंतू स्नायूंना जिथं जोडलेले असतात, ते जोड एकेक करून सुटतायत. उरलेत ते सांभाळा, हात दमवू नका. शिवाय दोष आई आणि बाप, दोघांकडून मिळून आलाय. (ही दुसरी गोष्ट गावाने अमान्य केली. दोष दोन घरांत वाटला तर नावं ठेवायची कुणाला? तो सर्वानुमते तिच्या आईच्या, गुलजारबीच्या माहेरी कामथडीला पाठवण्यात आला.)

पहिली गोष्ट मात्र आम्ही मनावर घेतली. जोड किती उरलेत हे तपासल्याशिवाय ते सांभाळायचे कसे? सबब प्रत्येक भेटणारा गुलफशापुढे हात धरी आणि म्हणे, "दाब बगू जोर लावून." ती दाबी. "आनखी!" ती आणखी दाबी. मग चहा पिऊन, "कालच्यापेक्षा कमीच हाय," असा अहवाल तो एसटी थांब्यावर सादर करी. सरासरी रोज अकरा तपासण्या, रविवारी सतरा. एवढी सेवा पुण्यातल्या दवाखान्यातही मिळत नाही, आणि तिथं केसपेपर काढावा लागतो तो वेगळाच. हाताचा जोर कमी होतोय हे सर्वप्रथम माझ्या लक्षात आलं. मी आठवड्यातून चारदा जात असे.

गुलफशा दहावीला होती. पाहुणे गेले की तिच्या बोटांत पेन ठरत नसे. पेपर लिहायला लेखनिक हवा तर अपंगत्वाचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी मिळालेली तारीख परीक्षा संपल्यानंतरची होती. म्हणजे जे काय लिहायचं ते तिला त्याच हाताने लिहायचं होतं.

पहिल्या पेपरच्या सकाळी अख्खी आळी शुभेच्छा द्यायला हजर. वयाचा मान म्हणून कोंडिबा आबांनी हात पुढे केला. गुलफशाने ओढणीखालून डावा हात काढून त्यांच्या हातात ठेवला.

"डावा?" आबांनी हात झटकन मागे घेतला. "मोठ्या मानसाला डावा हात देती व्हय गं?"

"उजव्याला आज पेपर हाय, आबा," ती म्हणाली. "तुमच्यासाठी ह्यो ठेवलाय."

चार मिनिटांत अंगण रिकामं झालं. (सात जण चहा न घेता गेले. किकवीत असं पूर्वी एकदाच, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत घडलं होतं.) मला माझ्या हाताची मनापासून लाज वाटली, पण बहुमत बाहेर पडत होतं, म्हणून मीही पडलो.

तिने तीन तास पेपर लिहिला. पोरीला वळण नाही, असा ठराव झाला आणि त्या घरी जाणं आम्ही बंद केलं. त्यानंतरचे सगळे पेपरही तिने पूर्ण लिहिले, हा निव्वळ योगायोग.

मग ती बरी झाली का, असं तुम्हाला विचारायचं असेल. नाही झाली. हा आजार बरा होत नाही, जपावा लागतो. पण विचारलंत, बरं केलंत. आम्हीही सुरुवात एवढ्याच काळजीने केली होती.