पाळणाघरासाठी योग्य उमेदवार

एका जंगलात, मुलांनो, हरणांच्या आया दिवसभर लांब चरायला जात. त्यांच्या पाडसांसाठी करवंदीच्या जाळीत एक पाळणाघर होतं. ते जिजी नावाची म्हातारी सांबरीण सांभाळायची. तिचं स्वतःचं नातवंडही तिथेच असे.

एकदा वाघमहाराजांच्या कानावर आलं, की हल्ली चांगल्या जंगलांत भावनिक बुद्धिमत्ता मोजूनच नोकरी देतात. त्यांनी लगेच सायाळ पंडितांना बोलावलं. पंडितांच्या अंगावर काटे, त्यामुळे जवळ कोणी फिरकत नसे. म्हणून भावनांचा त्यांचा अभ्यास अगदी निःपक्षपाती होता.

पाळणाघराच्या कामासाठी आलेल्या उमेदवारांना पंडितांनी विचारलं, "दुसऱ्याच्या मनातलं तुम्हाला कळतं का?"

"न सांगता कळतं," अस्वल म्हणालं. तेव्हा ते एका मुंगसाच्या शेपटीवर बसलं होतं.

"कधी कळतं, कधी नाही," जिजी म्हणाली. "नाही कळलं की मी ज्याचं त्यालाच विचारते."

गुणांत जिजी शेवटची आली.

पण पंडित खरे विद्वान. "ही मोजपट्टीच चुकीची," ते म्हणाले. "हिने मन मोजलं जात नाही, बढाई मोजली जाते. प्रत्यक्ष परीक्षा घेऊ."

महाराजांनी जांभई देऊन परवानगी दिली.

पाडसं पाणवठ्यावर उभी केली. कुणाच्या मनात काय चाललंय, ते दुरून ओळखायचं होतं.

उमेदवारांतला बिबट्या फांदीवर पडल्यापडल्या सांगू लागला. "ते टोकाचं घाबरलंय. त्याच्या मागच्याचा पाय दुखतोय, पण ते दाखवत नाही. आणि ते बारकं कळपात असूनही एकटं आहे. मायेनं हाक मारली तर कुणाच्याही मागे जाईल."

पंडितांनी पडताळून पाहिलं. शब्दन् शब्द खरा होता. पाय दुखणारं पाडस जिजीचं नातवंड होतं, आणि जिजीला ते ठाऊकच नव्हतं. तिला फार लाज वाटली.

तरी ती म्हणाली, "सायाळभाऊ, याला सगळं कळतं, मान्य. पण कळल्यावर हा करतो काय, ते कुठे मोजलंत?"

"ते आमच्या व्याख्येत बसत नाही, जिजी."

पाळणाघर बिबट्याकडे गेलं. पहिल्याच आठवड्यात पाय दुखणारं पाडस दिसेनासं झालं. जिजी जाळीभोवती हाका मारत फिरली. मग ते एकटं राहणारं गेलं. मग घाबरट.

महिन्याने महाराज पाहणीला आले. "पोरं रडतात का रे?"

"एकही नाही, महाराज," बिबट्या म्हणाला. त्याची तब्येत सुधारली होती.

पंडितांनी जाळीला कान लावला. आत अगदी शांत होतं. परीक्षेतले गुण आणि प्रत्यक्ष काम यांचा इतका मेळ आजवर कुठे बसला नव्हता, असं त्यांनी जाहीर केलं.

तेवढ्यात जिजीने हंबरडा फोडला. पंडितांना नवल वाटलं नाही. तिचे गुण कमी होते, हे त्यांना माहीत होतं.

तात्पर्य : ज्याला आपलं दुःख न सांगता कळतं, तो मोठा गुणी समजावा. फक्त तो जेवून आलाय ना, तेवढं बघून घ्यावं.