वीस कोसांचे भुयार

बापू खराडे यांना कोणी भुयार दाखवले, की ते आधी चपला काढतात, मग डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात देतात, आणि मग आत वाकून अत्यंत आदराने विचारतात, "घोडा वळवायचा कुठं?"

हा प्रश्न ते भुयाराला विचारतात, उत्तराची अपेक्षा मात्र गावाकडून करतात. आमच्या सातारा-सांगली भागात जेथे जुने देऊळ आहे तेथे भुयार आहे, आणि जेथे भुयार आहे तेथून पूर्वी राजेलोक घोड्यावर बसून थेट गडावर निघत असत, याविषयी सर्व गावांचे एकमत आहे. तेव्हा बापूंचा प्रश्न ऐकून मंडळी एकमेकांकडे पाहतात. एखादा धीट मनुष्य म्हणतो, "वळवायचा कशाला? सरळ जायचं की." बापू मान डोलावतात. "आनि समोरनं दुसरा घोडा आला म्हंजे?"

बहुतेक भुयारे येथेच संपतात. जी उरतात ती साखळीने संपतात.

बापू भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. खाते आता उपग्रहावरून मोजते. बापूंनी मात्र निर्लेखित झालेली तेहतीस फुटी लोखंडी साखळी लिलावात विकत घेतली आणि सेवानिवृत्तीनंतर दोन्ही जिल्ह्यांतील भुयारे मोजण्याचे काम, कोणी सांगितले नसता, अंगावर घेतले. भुयाराविषयी कोणी कितीही रंगून सांगू लागले तरी त्यांचे म्हणणे एकच असते. "साखळीला इचारू." साखळीचे एक टोक घेऊन ते आत जातात. दुसरे टोक माझ्या हाती असते.

मी जिल्हा न्यायालयात नाझर होतो. मी रागीट आहे असे आमच्या कॉलनीत समजले जाते; ते चूक आहे. मी अर्ज करतो. सार्वजनिक पैशाने उभारलेल्या फलकावर असत्य विधान केलेले मला सहन होत नाही. आमची ओळखही अशाच अर्जाने झाली. एका देवळाबाहेर 'येथून गडावर जाणारे ऐतिहासिक भुयार' असा फलक लागला, तेव्हा मी तहसीलदारांना लिहिले की, सदर भुयार ज्या सहा गावांच्या जमिनींखालून जाते त्यांपैकी एकाही गटाच्या सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही. सबब भुयार नाही. ते पत्र वर्तमानपत्रात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खांद्यावर पिशवी घेतलेला एक उंच, वाळका गृहस्थ उभा होता.

"सातबाऱ्यावर नसलं म्हणून नसतंय असं न्हाई, नाझरसाहेब," ते म्हणाले. "बायकांची नावं तरी कुठं असत्यात सातबाऱ्यावर? मोजून बघाय पायजे. चला."

मी गेलो. तेव्हापासून जातो आहे.

सांगलीजवळच्या एका शेतातले भुयार हे हळदीचे जुने पेव निघाले. पूर्वी जमिनीखालच्या या कोठारांत हळद साठवीत असत. बापू वर आले ते जेजुरीहून आल्यासारखे पिवळे होऊन. वाईजवळ एका गृहस्थांनी आम्हांला सांगितले की त्यांच्या मळ्यातले भुयार पांडवांनी एका रात्रीत खणले. साखळीने ती नदीच्या घाटाकडे पाणी नेणारी मोरी ठरवली. बापू गंभीरपणे म्हणाले, "पांडव बारा वर्सं वनवासात हुते. त्यातली अकरा आपल्या सातारा जिल्ह्यातच खनन्यात गेलेली दिसत्यात." ते गृहस्थ आजही माझ्याशी बोलत नाहीत. बापूंना मात्र दर संक्रांतीला तिळगूळ पाठवतात.

याचे कारण मला उशिरा कळले. बापू लोकांचा राजा काढून घेतात, पण रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. एका टेकडीवर भुयार म्हणून दाखवलेली जागा कोणा भिक्षूची ध्यानाची खोली निघाली. दोन माणसे कशीबशी बसतील एवढी. निराश झालेल्या गावकऱ्यांना बापूंनी आत बोलावले आणि भिंतीवर बोट फिरवीत म्हणाले, "हे छिन्नीचं घाव बगा. सगळं ह्या अंगाला कललेलं. डावखुरा हुता गडी. राजा न्हाई आला हितनं, पर हजार-दीड हजार वर्सांमागं हितं एक डावखुरा मानूस घाम गाळत बसला हुता. त्येचं काय?" लोक पुढे येऊन त्या घावांवर बोटे फिरवू लागले. मीही फिरवली. संपूर्ण कारकिर्दीत इतका विश्वासार्ह साक्षीदार मी पाहिला नव्हता.

हे सर्व सुरळीत चालले असता गेल्या हिवाळ्यात मी एक पत्र लिहिले.

वडूजच्या पलीकडच्या एका गावात महादेवाच्या देवळामागे नवा फलक लागल्याचे छायाचित्र कोणी तरी मला पाठवले. त्यावर लिहिले होते की हे प्राचीन भुयार वीस कोसांवर तासगाव तालुक्यातील एका देवळात निघते. वीस कोस. मी त्याच दिवशी ग्रामपंचायतीस लिहिले की, भुयार सिद्ध करावे अथवा फलक काढावा. आणि भुयार नसल्याचे आढळल्यास, शेळ्या व मुले पडण्याचा धोका लक्षात घेता, त्याचे तोंड सिमेंटने कायमचे बुजवावे. मोजणी श्री. पांडुरंग खराडे, म्हणजे आमचे बापू, यांजकडून करून घ्यावी, असेही सुचवले. सरपंचबाईंचे तत्परतेने उत्तर आले. पंचांसमक्ष मोजणी करू, जो निकाल लागेल तो मान्य, भुयार नसल्यास त्याच दिवशी बुजवू.

मी बापूंना पत्र दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि घडी करून परत दिले. "बरं," एवढेच म्हणाले.

ठरल्या दिवशी साताऱ्याहून सकाळची एसटी धरली. बापू साखळीची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. कोरेगाव मागे पडले. मग विचारले, "नाझरसाहेब, पत्र माघारी घेता येतं का?"

"कोणते?"

"ह्येच."

"घेता येते. कारण द्यावे लागते."

पुसेगाव आले तेव्हा त्यांनी कारण दिले.

"ती माझी सासुरवाडी हाय. लगीन लागलं, वऱ्हाडाचा ट्रक उभा, आन् शालन काय चढंना. लय रडत हुती. वीस कोस म्हंजे त्या वक्ताला लय लांब. मग सासूबाई तिला हाताला धरून देवळामागं घिऊन गेल्या. मी आपला मागनं. तितं ते बीळ हाय. सासूबाई म्हनल्या, बाई, ह्ये भुयार तुज्या सासरच्या देवळात निगतं. जीव उदास झाला की तितं जाऊन बसायचं. मी हितं बसलेली असंन."

"आणि?"

"आनि माझ्याकडं बगितलं. मी नुकता खात्यात लागल्याला. सगळ्या गावाला ठावं, जावई सर्वेअर हाय. शालन पन बगाय लागली." बापू खिडकीबाहेर पाहत होते. "मी म्हनलं, व्हय, निगतं की. मी मोजलंय."

मी सरळ होऊन बसलो. "म्हणजे आपण खोटा दाखला दिलात."

"तोंडी."

"तोंडी दाखला हाही दाखलाच असतो, बापू."

"व्हय," ते म्हणाले. "म्हनून तर ती ट्रकात चढली."

पुढे चाळीस वर्षे शालनताई दर सोमवारी सासरच्या देवळात भिंतीतल्या एका देवळीशी जाऊन बसत. त्यांच्या आई इकडे बसत. आईची ती गोष्ट गावाने ऐकली, दुसऱ्या पिढीने ती पुराणातली मानली, आणि तिसऱ्या पिढीने फलकावर रंगवली. सासूबाई गेल्या. तीन वर्षांपूर्वी शालनताईही गेल्या.

"त्यांना खरे ठाऊक नव्हते?" मी विचारले.

"सर्वेअरची बायकू, नाझरसाहेब. तिला काय वीस कोस कळत न्हवतं व्हय? पर तिनं कवा इचारलं न्हाई, आन् मी कवा सांगितलं न्हाई."

मी म्हणालो की पंच जमले असतील. या टप्प्यावर पत्र मागे घेणे नियमाला धरून होणार नाही. हे मी म्हणालो. लिहून ठेवतो, कारण ते खरे आहे.

देवळामागे निम्मे गाव जमले होते. कडेला सिमेंटची पोती, वाळू आणि दोन गवंडी तयार उभे. सरपंचबाईंनी चहा दिला. बापूंच्याच वयाचे म्हादूआबा नावाचे एक गृहस्थ पारावरून म्हणाले, "दाजी, सासुरवाडीचं भुयार हाय. जरा सैल मोजा."

"साखळीला सासुरवाडी नसती, आबा," बापू म्हणाले. त्यांनी चपला काढल्या आणि टोपी माझ्या हातात दिली. घोड्याविषयी मात्र काही विचारले नाही. साखळीची एक पितळी मूठ धरून ते ओणवे झाले आणि आत गेले.

माझ्या हातून साखळी सरकू लागली. पाच फूट, आठ, दहा. बाराव्या फुटाला आत मूठ दगडावर आपटल्याचा स्पष्ट आवाज आला आणि साखळी थांबली. मी आजवर असे आवाज पुष्कळ ऐकले आहेत. ती भिंत होती. भुयार संपले होते.

मी पंचांना तसे सांगणार, तोच आत कोणी हळू आवाजात बोलत असल्याचे जाणवले. शब्द कळत नव्हते. तोंडाशी मी एकटाच होतो, इतर मंडळी चहात होती. मी दोन पावले मागे सरलो. जे संभाषण आपणांस उद्देशून नाही ते ऐकू नये, असा माझा नियम आहे.

बऱ्याच वेळाने साखळी हलली. तेरा फूट, पंधरा, वीस. एकेक कडी शांतपणे आत ओढली जात होती, आणि ओढणाऱ्याचा श्वास मला पहिल्याइतकाच जवळून ऐकू येत होता.

"आनखी सोडा," आतून बापू म्हणाले.

गवंडी माझ्याकडे पाहत होते. सरपंचबाई पेला खाली ठेवून पुढे आल्या. "साहेब, किती झालं?"

मी साखळी सोडली. पंचवीस, तीस, तेहतीस. शेवटी माझ्या हातातली मूठही अंधारात गेली.

"साखळी संपली," मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

बापू बाहेर आले तेव्हा अख्खी साखळी त्यांच्या दंडावर वेटोळी होऊन पडली होती, आणि भुयारातून सरळ ओढून आणलेली साखळी तशी दिसत नाही हे कोणाही शहाण्याच्या लक्षात आले असते. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो, पंचांना टेबलाकडे नेले आणि पंचनामा स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिला. श्री. खराडे यांनी साखळीसह भुयारात प्रवेश केला. तेहतीस फुटी साखळी पंचांसमक्ष पूर्णपणे आत गेली. भुयाराचा शेवट पंचांच्या दृष्टीस पडला नाही. पुढील मोजणीस साधन अपुरे पडले. सबब तोंड बुजवू नये. सुरक्षिततेसाठी लोखंडी जाळी बसवावी.

चौथ्या वाक्यापाशी मी थोडा वेळ थांबलो होतो. साधन कोणते, हे लिहिण्याचे बंधन कायद्यात नाही. या पंचनाम्यातील प्रत्येक वाक्य खरे आहे. त्याविषयी कोणास हरकत घ्यावयाची असल्यास त्याने लेखी घ्यावी. मी उत्तर देण्यास समर्थ आहे.

पंचांनी सह्या केल्या. म्हादूआबांनी अंगठा उमटवला आणि बापूंच्या मातीने भरलेल्या गुडघ्यांकडे पाहून ते पुन्हा पारावर जाऊन बसले. गवंड्यांनी सिमेंटची पोती उचलून पुन्हा ट्रॅक्टरमध्ये टाकली.

परतीच्या एसटीत बापूंनी पिशवी पायांशी ठेवली. बराच वेळ ते हातांवरची माती चोळून काढत होते. मग म्हणाले, "उन्हाळ्यात परत एकदा याय पायजे, नाझरसाहेब. अपुरं न्हाई सोडायचं. जरा लांब साखळी आनू."

"अर्ज मी करतो," मी म्हणालो.